चिंध्या, गोधडी आणि लॅव्हेंडरची फुले

(महिला शाखेच्या वतीने वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महिला शाखेच्या वतीने चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा वर्षभराचा अहवाल वाचून मोकळे व्हावे असे प्रथम आमच्या मनात आले होते. परंतु हळदीकुंकू, वक्तृत्वस्पर्धा आणि गुणवंतांचे सत्कार यांची नोंद याच स्मरणिकेत छापली जाणार आहे, आणि छापलेले पुन्हा वाचून दाखविल्याने पंगतीतील भात तेवढा गार होतो. म्हणून आम्ही निराळाच विषय घेतला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या गावी जे चार दिवसांचे प्रदर्शन भरले, त्यात आम्ही अकरा जणींनी एक गाळा घेतला होता. त्या गाळ्याची हकीगत आम्ही सांगणार आहोत. तीतील काही भाग आम्हांस भूषणावह नाही, हे आधीच कबूल करतो. हिशेबतपासनिसांनी एका रकमेवर बोट ठेवून “हे काय?” असे विचारले, तेव्हा जे एकास सांगावे लागले ते सर्वांस सांगितलेले बरे, असा विचार आम्ही केला.

आपण जन्माने शिंपी. नामदेवरायांचे नाव घेताना आपला ऊर भरून येतो. पण घरातील शिलाईयंत्रावर आज कपड्यांची घडी ठेवण्याची सोय झाली आहे, हेही आपण पाहतो. तयार कपड्यांनी आपला धंदा नेला, असे आपण म्हणतो, आणि ते बहुतांशी खरेच आहे. १८३१ साली पॅरिसमधील शिंप्यांनी थिमोनिए नावाच्या आपल्याच एका जातभाईच्या कारखान्यात शिरून त्याची शिलाईयंत्रे मोडली होती. पुढे तीच यंत्रे शिंप्याच्या पोटाचा आधार झाली. तेव्हा कोणत्या यंत्राने कोणाचे पोट भरेल आणि कोणाचे जाईल, याचे भविष्य करण्यात अर्थ नाही. आमच्यापुढील प्रश्न लहान होता. पुरुषमंडळींच्या दुकानांत अजून ब्लाऊज, परकर, गणवेश, पडदे शिवले जातात, त्यांच्या कातरणांचे आणि चिंध्यांचे ढीग निघतात, आणि आपल्या घराघरांतील बायकांच्या बोटांत धावदोरा, तुरपाई, काज, तिरकी पट्टी हे सारे अजून जिवंत आहे. या दोहोंची गाठ घालता येईल काय?

गाठ घालून दिली ती एका पुरचुंडीने. आमच्यापैकी एकीची भाची नोकरीनिमित्त जम्मूस असते. सुट्टीत येताना तिने मावशीसाठी मूठभर वाळलेली जांभळी फुले एका मलमलीच्या पिशवीत बांधून आणली होती. मावशीने ती शालूच्या घडीत ठेवली, आणि दोन महिन्यांनी कपाट उघडले तरी वास तसाच होता. ही फुले लॅव्हेंडरची. साबणाच्या वेष्टनावर हे नाव आपण पुष्कळदा वाचले असेल. झाड मात्र आम्ही कोणीच पाहिले नव्हते. ते डोंगराळ, थंड आणि पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीतील झुडूप आहे, आपल्या पावसात तग धरणे त्यास कठीण. आता जम्मू-काश्मीरच्या डोडा जिल्ह्यात भदरवाहच्या परिसरात, जेथे पूर्वी शेतकरी मका घेत, तेथे त्याची शेते झाली आहेत. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आपल्या अरोमा मिशनखाली रोपे व ऊर्ध्वपातनाची साधने पुरविली, आणि मे २०२२ मध्ये भदरवाह येथे देशातील पहिला लॅव्हेंडर महोत्सवही भरला. एकदा लावलेले झुडूप दहा वर्षे व त्याहूनही अधिक काळ फुलत राहते. मात्र किलोभर तेल निघण्यास शंभर किलोंहून अधिक ताजी फुले लागतात, हे ऐकल्यावर तेलाची किंमत एवढी का, याचा उलगडा होतो.

आमच्यातील एका आजीबाईंनी ती पुरचुंडी हुंगून “ही तर आपल्या तुळशीची बहीण दिसते” असे म्हटले. आम्ही हसलो, पण आजीबाई बरोबर निघाल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ तुळस, सब्जा, पुदिना आणि लॅव्हेंडर यांस एकाच कुळात घालतात. इतकेच नव्हे, तर लॅव्हेंडरच्या सुगंधाचे जे एक मुख्य द्रव्य, लिनालूल, तेच आपल्या धन्याच्या तेलातही भरपूर असते. तेव्हा ज्यांस हा वास साहेबी वाटतो, त्यांनी धने भाजताना एकदा ध्यान द्यावे!

ठरले ते असे. खणाच्या व इरकलीच्या तुकड्यांच्या लहान पुरचुंड्या शिवून त्यांत ही फुले भरावयाची. शिवाय बटवे, बाळाची कुंची, झबले-टोपडे, दुपटी, कापडी पिशव्या आणि दोन-तीन गोधड्या मांडावयाच्या. मुलींनी साबण करण्याचाही हट्ट धरला होता. तयार वडी वितळवून त्यात सुगंध मिसळावा आणि साच्यात ओतावी, इतके ते सोपे असल्याचे त्यांचे म्हणणे. करण्यास सोपे असेल. परंतु अंगास लावण्याची वस्तू करून विकावयाची तर सौंदर्यप्रसाधनांविषयीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो. प्रदर्शनांतून अनेक जणी अशा वड्या बिनपरवाना विकतात हे आम्ही पाहिले आहे. मुली दोन दिवस रुसल्या. आम्ही साबण केला नाही.

गाळ्यावर पाटी कोणती लावावी, यावरही वाद झाला. वडीलधाऱ्यांपैकी काहींस वाटे की ज्ञातीचे नाव ठळक अक्षरांत असावे. तरुण मुलींचे म्हणणे पडले की, पिशवी घेणारीस आपली जात सांगण्याचे प्रयोजन काय? टाका चांगला आहे की नाही एवढेच तिने पाहावे. आम्हांस मुलींचे पटले. पाटीवर ‘हातशिलाईच्या वस्तू’ एवढेच लिहिले. ज्यांस याचे वाईट वाटले असेल त्यांनी उदार मनाने क्षमा करावी, परंतु पुढील वेळीही आम्ही तसेच करू.

आता न भूषविणारा भाग. भदरवाहहून फुले मागवावयाची तर भाचीने पत्ता दिला होता. पण फुले येण्यास पंधरा दिवस लागणार होते आणि प्रदर्शनास नऊच दिवस उरले होते. दिवस वाया गेले होते ते आमच्याच चर्चेत. तेव्हा एका मोठ्या शहरातील व्यापाऱ्याकडून चार किलो फुले घेतली. दर भाचीने सांगितलेल्याहून कमी होता, आणि त्याचे आम्हांस आश्चर्य वाटण्याऐवजी समाधान वाटले. ४,८०० रुपये दिले. पोते उघडताच सारी खोली घमघमली. तीन रात्री जागून एकशेवीस पुरचुंड्या भरल्या. प्रत्येकीची किंमत ६० रुपये.

पहिल्या दिवशी सेहेचाळीस पुरचुंड्या खपल्या. इतर सर्व वस्तूंपेक्षा त्यांपुढेच गर्दी. आम्ही प्रत्येकीस मोठ्या अभिमानाने सांगत होतो की ही काश्मीरकडील फुले आहेत. व्यापाऱ्याने तसे म्हटले होते, आणि आम्ही त्याच्या तोंडचे आपल्या तोंडी घेतले.

त्या रात्री उरलेल्या मालाची मोजदाद करताना मावशीने आपली जुनी पुरचुंडी सहज बाजूस ठेवली. तिच्यातील फुले बोटांत चुरगळली की पुन्हा नवा वास येई, कारण या फुलाचे तेल त्याच्या देठाजवळील कोषात सूक्ष्म ग्रंथींमध्ये साठलेले असते आणि ग्रंथी फुटली की ते मोकळे होते. आमच्या पोत्यातील एक मूठ आदल्या दिवसापासून ताटलीत उघडी राहिली होती. तिला वासच उरला नव्हता. ती चुरगळून पाहिली, तर वाळल्या गवताचा वास आला. मग एकीने पांढरे फडके ओले करून त्यावर फुले चोळली. फडक्यास जांभळा डाग पडला तो असा गडद की, तो अजून निघालेला नाही. ते फडके आम्ही जपून ठेवले आहे. फुले कसली होती कोण जाणे; त्यांस रंग दिला होता आणि वरून अत्तरासारखे काही शिंपडले होते, एवढे निश्चित. त्या व्यापाऱ्याने त्या रात्रीपासून आमचा दूरध्वनी घेतलेला नाही.

रात्री अकरा वाजता आमची सभा बसली. तिचा वृत्तान्त कार्यवृत्तात नाही, म्हणून येथे सांगतो. एका सदस्येचे म्हणणे असे पडले की, साठ रुपयांची वस्तू आहे, वास गेला तर लोक म्हणतील हवेने गेला. उरलेल्या विकू नयेत, पण विकलेल्यांची वाच्यता कशासाठी? दुसरी म्हणाली, आपणच फसलो आहोत, आपला दोष तो काय? तिसरीस भीती वाटली की, गाळ्यावर कबुली लावली तर उरलेल्या तीन दिवसांत झबलेसुद्धा खपणार नाही. हे तिन्ही मुद्दे पोकळ नव्हते. अकरांपैकी चौघींच्या घरी त्या पैशांची वाट पाहिली जात होती. एकीच्या मुलाच्या परीक्षेची फी त्यातून भरावयाची होती. अशा वेळी सचोटीचा उपदेश करणे, ज्यांच्या घरी पगार येतो त्यांस सोपे जाते, आणि आमच्यापैकी ज्या उपदेश करीत होत्या त्यांच्या घरी तो येत होता.

मग त्याच आजीबाई बोलल्या, ज्यांनी लॅव्हेंडरला तुळशीची बहीण म्हटले होते. त्यांच्या यजमानांनी पन्नास वर्षे पेठेत दुकान चालविले. त्या म्हणाल्या, “शिंपी कापड चोरतो, हा विनोद मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. आमच्या घरी गिऱ्हाइकाचे उरलेले कापड, वीतभर असले तरी, कपड्याच्या घडीत ठेवून परत दिले जाई. त्याने तो विनोद थांबला नाही. पण हे मरेपर्यंत कोणाच्या नजरेला नजर द्यायला कचरले नाहीत. तुम्हांला काय करायचे ते करा, मला झोप आली आहे.” असे म्हणून त्या खरोखरच उठून निजावयास गेल्या.

सकाळी आम्ही गाळ्यावर हाताने लिहिलेला फलक लावला. ‘काल विकलेल्या पुरचुंड्यांतील फुले खरी लॅव्हेंडरची नव्हेत. आम्ही फसलो. पैसे परत मिळतील.’ सेहेचाळिसांपैकी सत्तावीस पुरचुंड्यांचे पैसे भ्रमणध्वनीवरून आले होते, म्हणून देणाऱ्यांची नावे आमच्याकडे होती. त्यांचे पैसे मुलींनी बसल्या जागी परत पाठविले. रोखीने घेतलेल्या एकोणीस पुरचुंड्यांपैकी सात परत आल्या. तिघींनी पैसे घेतले. चौघींनी बदली पुरचुंडी मागितली. बदली काय देणार? तर काष्ठौषधींच्या दुकानातून सकाळीच वाळा, वेखंड, कापूरकचरी आणि नागरमोथा आणून आम्ही उरलेल्या चौऱ्याहत्तर पिशव्या रिकाम्या करून पुन्हा भरल्या होत्या. वाळा आणि वेखंड आपल्या आज्या लुगड्यांच्या पेटीत ठेवीतच असत. कसर लागू नये म्हणून. ते सोडून आम्ही हिमालयाकडे का धावलो, असा प्रश्न एका गृहस्थांनी गाळ्यावर उभे राहून विचारला. त्यास आम्हांपाशी चांगलेसे उत्तर नव्हते. नवे नाव लोकांस खेचून आणते, हे एक उत्तर; आणि तो सुगंध आम्हांस खरोखरच आवडला होता, हे दुसरे.

फलकाचा परिणाम काय झाला, हे सांगण्याचा मोह आवरावा लागेल, कारण तो सरळ नाही. काही जणींनी फलक वाचला आणि पुढच्या गाळ्याकडे वळल्या. एका बाईंनी “मग बाकीचे तरी खरे कशावरून?” असे विचारले, आणि तो प्रश्न रास्त होता, आम्ही तिला पिशवीची शिवण उलटून दाखविली, तिने काही घेतले नाही. एका शिक्षिकेने मात्र फलक वाचून एकदम पाच बटवे घेतले. वेखंडाच्या पुरचुंड्या चौऱ्याहत्तरांपैकी पन्नास गेल्या. त्यांची किंमत आम्ही ४० रुपये ठेवली होती.

गोधडीची गोष्ट राहिली. तीच आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. आजीबाईंनी एक गोधडी आणली होती. नऊवारी लुगड्यांचे थर, कडेने खणाची झालर, आणि टाका असा बारीक की मोजताना डोळे दुखावेत. “हिचे काय घ्यावे?” असे विचारता त्या म्हणाल्या, “चारशे पुष्कळ झाले.” आम्ही खाली बसून हिशेब केला. बावीस दिवस, रोज तीन तास, म्हणजे सहासष्ट तास. तासाचे पन्नास रुपये धरले, जे मोलकरणीसही कमी वाटावेत, तरी ३,३०० होतात. दोरा, अस्तर, झालर यांचे ५००. किंमत ३,८००. आजीबाईंना ते ऐकून लाज वाटली. चिठ्ठी लावू देईनात. आपण स्त्रियांनी घरातल्या घरात केलेल्या कामास मोल असते, हे गिऱ्हाइकास पटविण्यापूर्वी करणारणीसच पटवावे लागते, हा आमचा चार दिवसांतील मोठा अनुभव.

गोधडी विकली गेली नाही. अनेकांनी हात फिरविला, अनेकांनी छायाचित्र घेतले, एकाने बाराशे देऊ केले. आम्ही दिली नाही. एका गृहिणीने मात्र तशाच टाक्याचे बाळाचे दुपटे ९०० रुपयांत करून मागितले, ते काम आजीबाईंनी संक्रांतीपूर्वी पुरे केले. गोधडी त्यांच्या घरी परत गेली. “आता मी अडतीसशे रुपयांवर निजते,” असे त्या भेटेल त्यास सांगतात.

आता हिशेब. परत केलेले पैसे वजा जाता चार दिवसांची विक्री ३७,४८० रुपये. कापड, दोरा, अस्तर व वाळा-वेखंड यांचे ९,७००. गाळ्याचे भाडे ६,०००. वाहतूक, फलक व चहापाणी २,१४०. आणि त्या फुलांचे ४,८००, ज्या रकमेवर हिशेबतपासनिसांनी बोट ठेवले. उरले १४,८४०. ज्या वस्तू खपल्या त्यांवर अकरा जणींचे मिळून ३७१ तास लागले होते, म्हणजे तासास ४० रुपये. खोटी फुले घेतली नसती तर ते ५३ च्या घरात गेले असते. ज्या मुलाची फी होती ती भरली गेली, पण त्याच्या आईस तीनशे रुपये बाहेरून घ्यावे लागले, आणि त्या तीनशेंचा दोष आम्ही आमच्याच घाईस देतो.

आता दोन व्यवहाराच्या गोष्टी, कारण इतर गावच्या भगिनीही येथे बसल्या आहेत. बंद पाकिटात काही विकावयाचे असेल तर वेष्टनावर करणाऱ्याचे नाव व पत्ता, वजन वा नग, महिना व वर्ष, करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे सर्व लिहावे लागते. २०११ चे नियम तसे सांगतात. आमच्या वेष्टनांवर पहिल्या दिवशी महिना नव्हता. तो एका पोक्त दुकानदाराने दाखवून दिला. दुसरी गोष्ट, सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना काढली, तिच्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साह्य आणि प्रशिक्षणानंतर पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाखापर्यंत कर्ज मिळू शकते. मात्र एका कुटुंबातून एकासच. तो एक म्हणजे घरातील पुरुषच, असे त्या नियमात कोठेही लिहिलेले नाही, ही बाब आम्ही बंधूंच्या नजरेस विशेषेकरून आणू इच्छितो.

पुढील प्रदर्शनासाठी गाळा नोंदविला आहे. या वेळी फुले भाचीने दिलेल्या पत्त्यावरून मागविली असून ती आली आहेत. आजीबाईंनी स्वतः चुरगळून व फडक्यावर घासून पाहिली आहेत. पुरचुंडीची किंमत मात्र ९० रुपये ठेवावी लागेल. मंडळाकडे मागणी एकच आहे, ती ही की कार्यालयाची मागील खोली आम्हांस मंगळवारी व शुक्रवारी दुपारी मोकळी मिळावी; तेथे ठेवलेल्या मोडक्या खुर्च्या आम्ही माडीवर नेऊन ठेवू. आणि दुकानदार बंधूंस विनंती की आपल्याकडील कातरणे कार्यालयात पोहोचवावीत. खण, इरकल, सुती आणि रेशमी तुकडे निरनिराळ्या पिशव्यांत असावेत. ताणले जाणारे कापड कृपा करून पाठवू नये, त्यावर हातटाका बसत नाही.